दोन विहिणींचा जोडस्तंभालेख

सुमन, तू गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिला फोन तुलाच लावला.

हसू नकोस. तुझी लेक, माझी सून मनीषा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मटकन खाली बसली होती. तिच्या हातातल्या मोबाइलमधून तिचा भाऊ "ताई, ऐकतेस ना?" असं परत परत विचारत होता. आणि मी आतल्या खोलीत गेले, चष्मा शोधला आणि तुझा नंबर दाबला. घरात काही बरंवाईट झालं की आधी रोह्याला कळवायचं, ही माझ्या बोटांची सवय. कुणातरी बाईने फोन उचलला. मी म्हटलं, "जरा सुमनला द्या हो." मागून रडण्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, अगोबाई, यांच्याकडे कोण गेलं?

असं झालं माझं. अजूनही तसंच आहे. तेराव्याचं जेवण होऊन आम्ही पेणला परत आलो, तरी कढीपत्ता तोडताना मनात येतं, हे सुमनला सांगायला हवं.

तुझ्या मुलाकडून कळलं ते एवढंच. सकाळी चहाचं आधण ठेवलंस, खुर्चीत टेकलीस आणि मान कलली. आधण आटून गेलं, भांडं करपलं, त्या वासाने सून उठून आली. डॉक्टर म्हणाला, हृदय. जसं काही तो एक शब्द सांगितला की झालं.

रोह्याला येताना नागोठणं मागे पडलं तरी गाडीत कुणी बोललं नव्हतं. अष्टमीच्या पुलावर आलो, खाली कुंडलिका नदी दिसली, तेव्हा मनीषाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, रोह्याच्या आईची साखर तर चांगली होती ना?"

"होती की. या सोमवारी एकशे आठ. मीच तर टाइप केली."

"मग?"

रोह्यालगतच्या तुझ्या वरशाच्या घरात तुला जमिनीवर निजवलेलं पाहिलं, आणि खरं सांगते, मला रडू आलं नाही, राग आला. साखरेचा खांब माझा उंच, तुझा बुटका. मग रांगेत तू पुढे कशी घुसलीस? आलेखात असं कुठे दिसत होतं?

तेव्हापासून मी साखर तपासलेली नाही. सोमवारी सकाळी मनीषा ते टोचायचं मशीन माझ्या चहाशेजारी आणून ठेवते आणि कप उचलायला येते तेव्हा तसंच परत घेऊन जाते. मी हात लावत नाही. जो आकडा तुला सांगू शकला नाही, तो मला काय सांगणार? आणि सांगून मी तो कुठे लिहायचा? माझ्या खांबाशेजारी कोण उभं राहणार?

आपण दोघी एका आलेखात येऊ असं लग्नाच्या मांडवात कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या अंगावर अक्षता फेकल्या असत्या. आठवते ना तुला तेव्हाची मी? नाकापेक्षा नथ मोठी आणि त्या नथीहून नाकाचा शेंडा वर. मी वरमाई! मला उंच खुर्ची पाहिजे म्हणून मी अडून बसले. तुझ्या माणसांनी कुठूनतरी ती गादीची, मखमली राजाची खुर्ची आणली. मी ऐटीत टेकले आणि तिचा तळ फाटून आत गेले. गुडघे हनुवटीला, पैठणी मांडीवर, आणि मला ओढायला दोन बाया. तू समोर पदर तोंडाला लावून उभी होतीस. मी वर्षानुवर्षं समजत होते की विहीणबाईंना माझी दया आली. हसू दाबत होतीस, हे तू मला किती उशिरा सांगितलंस!

त्यानंतर आपलं नातं म्हणजे डब्यांची ये-जा. पेणहून पोह्याचे पापड आणि मिरगुंडं, रोह्याहून वाल. "अहो विहीणबाई, वाल छान शिजले हो." "अहो, पापड किती हलके!" दोघीही खोटं बोलत होतो. तुझे वाल मला कडू लागायचे आणि माझे पापड तुझ्याकडे पोचेपर्यंत चुरा झालेले असायचे.

मग दोघींना साखर लागली. एकाच वर्षी. त्या आजाराने पोरांच्या लग्नाला जमलं नव्हतं ते जमवलं. तू शाळेतून निवृत्त होऊन घरी बसली होतीस. आयुष्यभर सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवलेलं, हात शिवशिवत होते. फोनवर व्हिडिओ बघून बघून तू जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला लागलीस. मला म्हणालीस, "विहीणबाई, आपण दोघींच्या साखरेचा जोडस्तंभालेख काढू या. दर सोमवारी, उपाशीपोटी. पेणचा एक खांब, रोह्याचा एक खांब, शेजारी शेजारी."

"वहीत लिहिलं तर नाय चालणार?"

"वहीत तुम्ही खाडाखोड कराल."

किती ओळखलं होतंस मला.

ठरलं असं, की डोकं तुझं आणि बोटं माझी. मी सरकारी कचेरीत जन्मभर टायपिंग केलेलं. जे सांगाल ते न बघता छापते, त्याचा अर्थ विचारू नका. तू वरशाहून फोनवर सांगायचीस, मी पेणला नातीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करायची. खांब काढायची एक तयार लायब्ररी होती, म्हणजे आधीच कुणी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह. आपण तिला फक्त नावं आणि आकडे द्यायचे, उभारणी ती करते. तू मला समजावलंस, "मांडववाल्यासारखं समजा. खांब त्याचे. किती, कुठे आणि केवढे, ते आपण सांगायचं."

पहिला दिवस आठवतो?

"महिरपी कंस उघडा."

"उघडला."

"लेबल्स. दोन टिंबं. आता चौकोनी कंस, त्यात सोमवारांच्या तारखा, एकेक अवतरणात."

"झालं."

"आता डेटासेट्स. म्हणजे संच. परत चौकोनी कंस, आत महिरपी. पहिला संच कुणाचा घेऊ?"

"माझा," मी म्हटलं.

"का हो?"

"मी वरमाई."

"अहो, खांबाला कसला मान? ही काय पंगत हाय?"

"पंगतच आहे. पेण डावीकडे, रोहा त्याच्या शेजारी. नाहीतर मी टाइप करणार नाय."

"घ्या गो बाई," तू म्हणालीस. "पण डावीकडचं लोक आधी वाचतात. तुमची साखर आधी वाचतील."

मान पदरात पडला आणि त्याला भोक पडलेलं आहे हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

तेवढ्याने झालं नाही. सगळं टाइप करून पान उघडलं तर पांढरं फटफटीत. खांब नाही, रेघ नाही, काही नाही. तू म्हणालीस वाचून दाखवा, मी वाचलं. तू म्हणालीस परत वाचा, मी परत वाचलं. मी म्हटलं, "माझ्या हातून चूक होत नसते. कचेरीत माझा कागद कधी परत आला नाही." खरं म्हणजे रोज परत यायचा. साहेब लाल पेनाने गोल करून पाठवायचे आणि मी तो गोल शाईचा डाग समजून सोडून द्यायची. अशी मी! शेवटी तुझा धीर सुटला आणि तू वर्गात ओरडायचीस तशी ओरडलीस, "अगं शालू, उघडलेला कंस बंद कर की!"

इतकी वर्षं अहो-जाहो, आणि आज एकदम अगं. मी पडद्यावर बघितलं. खरंच, शेवटचा महिरपी कंस उघडाच होता.

"केला गो," मी म्हटलं.

पान परत उघडलं आणि खांब वर आले. नुसते दिसले नाहीत, जमिनीतून उगवल्यासारखे सरसर वाढत वर आले. माझा गुलाबी, तुझा वालाच्या शेंगेचा हिरवा. मी किंचाळले. मनीषा धावत आली, तिला वाटलं मी पडले. तू तिकडे तुझ्या फोनवर तेच पान उघडलं होतंस आणि म्हणत होतीस, "हाय! हाय! उभे राहिले गो!" त्या दिवसानंतर आपण परत कधी अहो म्हटलं नाही.

माझे खांब मात्र दर सोमवारी तुझ्यापेक्षा उंच. माझं काय चुकायचं ते आपल्याला माहीत होतं, त्याचा आकार कळीदार असतो आणि त्यावर तूप सोडतात. सरळ जिंकता येईना म्हणून मी डोकं लढवलं. तू शिकवलेल्यातूनच शोधून काढलं की अक्षाची कमाल मर्यादा आपण ठरवू शकतो. मी ती हजारावर नेऊन ठेवली. झालं, दोन्ही खांब एकदम बुटके. बोटभर तुझा, बोटभर माझा, कोण उंच ते भिंग घेऊन बघा. तू दुसऱ्याच मिनिटाला फोन केलास.

"शालू, वर एवढे रिकामे मजले कुणासाठी बांधलेस?"

"हवा खेळती राहते."

"हजार साखर झालेलं माणूस बोलत नसतं गो. काढ ते."

काढलं. मग मी दुसरं सुरू केलं, आणि ते आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणायची, खांब शेजारी शेजारी कशाला, एकावर एक ठेवू या. लायब्ररीत सोय आहे, एक शब्द बदलला की झालं. तू चिडायचीस. "तो विभाजित स्तंभालेख! तो कधी काढायचा? बेरजेला अर्थ असतो तेव्हा. तुझी साखर माझ्या डोक्यावर ठेवून जी बेरीज होईल, ती साखर कुणाच्या अंगात हाय, सांग बरं?"

"दोघींच्या."

"दोघींचं अंग एक हाय?"

मी म्हणायची, "तुला काय जातंय," आणि विषय बदलायची. तुला वाटायचं, मला माझा आकडा लपवायचाय. लपवायचा होताच, नाही कशाला म्हणू? पण तेवढंच नव्हतं. खाली गुलाबी, वर हिरवा, असा एकच खांब मी एकदा तुझ्या नकळत करून बघितला होता. किती उंच झाला होता, सुमे! एकट्या पेणचा कधी झाला नसता, एकट्या रोह्याचाही नाही. तो बघून मला जे वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "अगं, ती साखर हाय, उंच होऊन काय उपयोग?" आणि ते बरोबरच होतं. तरीही.

एकाच सोमवारी आपले खांब अगदी बरोबरीचे आले. आदल्या दिवशी थंडीत तुझ्याकडे वरशाला पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला कोंबून कोंबून भरलेला. शेतात जाळ, मनीषा आणि तिचा भाऊ लहान पोरांसारखे काटक्या आणत होते. मडकं उपडं केलं तेव्हा तू मला बजावलंस, "शालू, रताळं नाय खायचं." मी म्हटलं, "नाय खात." मडक्याच्या पलीकडे गेले तर तू तिथे पाठमोरी बसून रताळं सोलत होतीस. अर्धं माझ्या हातात दिलंस. दुसऱ्या दिवशी दोन खांब जोडीने वर गेले, खांद्याला खांदा लावून. तू फोनवर फक्त एवढं म्हणालीस, "उपकरणाची चूक असेल." मी म्हटलं, "असेल."

शेवटचा तुझा फोन दिवेलागणीला आला होता. परत तेच भांडण. मी मुद्दाम उकरून काढलं, कारण मला माझ्या मोदकांवरून बोलणी खायची नव्हती. तू म्हणालीस, "उद्या सविस्तर बोलते. आता दूध उतू जातंय." आणि ठेवलास.

उद्या सविस्तर. सुमे, तू शब्दाला पक्की. तुझ्या वर्गातली पोरं सांगतात, बाईंनी उद्या तपासते म्हटलं की वह्या दुसऱ्या दिवशी बाकावर. मग हे काय? मी अजून फोनकडे बघत बसते. मला वाटतं हा एखादा व्रात्यपणा आहे आणि तो माझ्याकडून शिकलीस. आपण साखरेचे खांब उभे करत बसलो, किती उंच, किती बुटके, मर्यादा किती, मान कुणाचा. आणि ज्याने तू गेलीस त्याला आपल्या आलेखात जागाच नव्हती. दुखत होतं का गं कुठे? जिना चढताना थांबत होतीस का? मी आकडा विचारला. तू कशी आहेस, हे विचारलं का कधी? तूही मला नाही विचारलंस म्हणा. आपलं सगळं त्या आकड्यावरूनच चालायचं, आणि ते मला पुरत होतं.

आज सोमवार. मनीषाने मशीन आणून चहाशेजारी ठेवलं, आणि आज ती उठून गेली नाही. समोर बसली.

"आई, तपासा."

"बघते नंतर."

"नंतर नाही." तिचा आवाज तुझ्यासारखा आहे, हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. "माझी एक आई बसल्या जागी गेली. मी रोज सकाळी तुमच्या खोलीचं दार हळूच ढकलते. पांघरूण हलतंय का बघते. हललं की मग चहा ठेवते. हे मी कुठवर करायचं, तेवढं सांगा."

मला वाटायचं, ती दार ढकलते ते मांजर आत येऊ नये म्हणून घट्ट बंद आहे का बघायला. एवढी शहाणी मी. तुझ्या जाण्याचा सगळा धक्का मी एकटीच घेऊन बसले होते, जशी काही विहीणच गेली, आई कुणाची गेलीच नाही.

मी बोट पुढे केलं. तिने टोचलं. दोनशे अठरा. तिने आकडा बघितला. लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला.

लेबल्समध्ये आजची तारीख टाकली, माझ्या संचात स्वल्पविराम दिला, दोनशे अठरा लिहिलं. मग तुझा संच. स्वल्पविराम दिला आणि कर्सर लुकलुकत राहिला. कचेरीतली शिस्त अशी, की तक्त्यात रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर शून्य टाका. मी शून्य टाकलं. पान उघडलं. माझा गुलाबी खांब कधी नव्हे एवढा वर गेला. त्याच्या शेजारी कर्सर नेला तर चौकट उघडली: रोहा, शून्य.

शून्य हा आकडा आहे, सुमे. कुणीतरी तपासलं, बोट टोचलं, आणि शून्य आलं, असा त्याचा अर्थ. आणि आपल्या खेळात कमी साखरवाली जिंकते. म्हणजे तू कायमची जिंकलीस, अशी पाटी मी माझ्याच हाताने लावली होती.

"शून्य नको ना, आई," मनीषा म्हणाली.

मग आम्ही दोघींनी त्या लायब्ररीची माहितीची पानं उघडली. इंग्रजी, बारीक अक्षर. मी चष्मा पुसत होते, ती वाचत होती. आकडाच नसेल तेव्हा लिहायचा वेगळा शब्द निघाला, नल. शून्य नव्हे, इथे मोजलंच नाही, असं सांगणारा. मी शून्य खोडून तो लिहिला. मला वाटलं, आता माझा खांब सरकून मधोमध येईल आणि फुगून बसेल. शेजारी कुणी नसलं की माणूस पलंगभर पसरतं तसा. पण तो आपल्या जागीच राहिला, होता तेवढाच रुंद. त्याच्या शेजारी बरोबर तेवढीच जागा मोकळी. ती मिटवायचीही सोय आहे म्हणे, एक ओळ लिहिली की उरलेला मधोमध येतो. मनीषाने ती ओळ वाचून दाखवली. मी म्हटलं, "पुढचं वाच."

तिने पडद्यावर त्या मोकळ्या जागेवर कर्सर नेला. तिथे नेऊनही चौकट उघडली नाही.

"ही रोह्याच्या आईची?"

"व्हय."

"पुढच्या सोमवारीपण राहील?"

मी पुढच्या सोमवाराकडे बघितलं. तिथे नुसतं पांढरं होतं. ना मी, ना तू. तुझी जागा कुठे आणि भिंत कुठे, काही कळायला मार्ग नाही.

"माझा खांब असला तर राहील," मी म्हटलं. "एक उभा असला तरच शेजारची जागा दिसते."

मनीषाने मशीन उचललं. परत न्यायला नव्हे. माझ्या उशाशी, चष्म्याच्या डबीशेजारी नीट ठेवलं. "मग सोमवारी," म्हणाली, आणि जाता जाता, "आणि मोदक बंद."

बघ, सुमे, जाऊनसुद्धा दर सोमवारी उपाशीपोटी माझं बोट टोचायची सोय करून ठेवलीस.